घोड्यासकट निरोप: स्टेप्पेतले टेकाड आणि नागपूरची दगडी वर्तुळं

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये हायकोर्टाला लागून जुन्या लॉ कॉलेजचं आवार आहे. तिथे एक उंच, टोकदार थडगं दिसेल. कंपनीचा अधिकारी जोसेफ हिनमर्स 1680 मध्ये वारला, त्याचं हे थडगं. पुढे त्याच्या विधवेशी एलिहू येलने लग्न केलं. त्यांचा मुलगा डेव्हिड लहानपणीच गेला, त्यालाही इथेच पुरलं. (हो, अमेरिकेतलं येल विद्यापीठ ज्याच्या नावाचं, तोच हा येल.) इथे एकेकाळी इंग्रजांचं अख्खं कब्रस्तान होतं. 1758-59 च्या वेढ्यात फ्रेंचांनी थडग्यांचा आडोसा घेऊन हल्ला केला, म्हणून नंतर इंग्रजांनीच ते मोडलं आणि कोरीव शिळा किल्ल्यातल्या सेंट मेरी चर्चमध्ये नेल्या.

गेलेल्या माणसाच्या जागी काहीतरी उंच उभारायचं, ही ओढ मात्र इंग्रजांपेक्षा फार जुनी आहे. युरोप आणि आशियात पसरलेल्या गवताळ मैदानांत, म्हणजे स्टेप्पेत, अडीच हजार वर्षांपूर्वी भटके पशुपालक राहत. आज इथे मुक्काम, उद्या तिथे. पण त्यांच्या सरदाराची कबर मात्र कायमची! तिच्यावर रचलेल्या टेकाडाला ‘कुर्गान’ म्हणतात. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहितो की सिथियन राजा मेला की त्याचं शव गाडीत घालून त्याच्या सत्तेखालच्या टोळ्यांमधून फिरवत, आणि शेवटी सगळे मिळून जास्तीत जास्त मोठं टेकाड रचायला चढाओढ करत.

अल्ताई पर्वतातल्या पाझिरिकची रचना बघा. आधी खोल खड्डा. त्यात लार्च झाडाच्या ओंडक्यांची खोली, आणि त्या खोलीत आणखी एक खोली. शवपेटी म्हणजे कोरून पोकळ केलेला अख्खा ओंडका. खोलीबाहेर, उत्तरेच्या बाजूला घोडे. वर पुन्हा ओंडके, माती आणि दगडांची रास. चोरांनी यांतल्या कबरी फोडल्या, पण त्यांनी पाडलेल्या भोकातून पाणी आत गेलं आणि गोठलं. त्या बर्फाने कापड, कातडं, लाकूड सगळं जपलं. गाठी मारून विणलेला, आज शिल्लक असलेला जगातला सर्वांत जुना गालिचा सेर्गेई रुदेंको यांना 1949 मध्ये इथेच मिळाला.

जवळच्याच उकोक पठारावर 1993 मध्ये नताल्या पोलोस्माक यांना एका तरुणीची कबर सापडली. तिच्या अंगावर गोंदण होतं, सोबत 6 घोडे आणि छोट्या लाकडी चौरंगांवर वाढलेलं मटण. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला आपण शिदोरी बांधून देतो ना, तसंच. मेलेला माणूस संपत नाही, कुठेतरी जातो, आणि तिथेही त्याला घोडा लागतोच, अशी ती समजूत असणार.

आता आपल्याकडे या. नागपूरहून काटोल रस्त्याने निघालात की जुनापाणी लागतं. तिथे मोठमोठ्या दगडांची सुमारे 300 वर्तुळं आहेत. आत माती आणि दगडगोटे भरून जमीन जराशी उंच केलेली. गुरं चरताना दिसतील, आणि बघणाऱ्याला वाटेल शेताची जुनी कुंपणं असावीत. ही लोहयुगातली दफनं आहेत. रिव्हेट-कार्नाक या अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात इथे उत्खनन केलं. जवळच्या माहुरझरीला 1970 च्या सुमारास डॉ. शां. भा. देव यांनी वर्तुळं उघडली, तेव्हा माणसांसोबत घोड्यांची हाडं निघाली. घोड्याच्या तोंडात घालायचे लगामाचे लोखंडी तुकडे होते, डोक्यावर घालायचे तांब्याचे दागिनेही होते! ही माणसं लोखंड विकत आणत होती असंही नाही. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टीच सापडली आहे, साधारण इ.स.पू. 700 च्या आसपासची.

म्हणून सिथियन नागपूरला आले होते असं लगेच समजू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर असले दावे फिरतात, पण फक्त घोडा पुरला म्हणून नातं सिद्ध होत नाही. इथली मडकी आणि कुऱ्हाडी दख्खनच्या महापाषाणीय परंपरेतल्या आहेत. मला तर जास्त नवल याचं वाटतं, की हजारो किलोमीटर दूरच्या दोन समाजांना घोडा सोबत द्यावासा वाटला.

चेन्नईत राहणाऱ्यांना इतकं लांब जायची गरज नाही. जॉर्ज टाउनहून एग्मोरचं सरकारी संग्रहालय जवळ आहे. ताम्रपर्णी नदीकाठच्या आदिचनल्लूरला अलेक्झांडर रिया यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खणून काढलेल्या वस्तू तिथे आहेत. तिथे टेकाड नाही, मोठाल्या रांजणांत दफन केलेलं. सोन्याच्या पातळ पट्ट्या मृताच्या कपाळाला बांधलेल्या. तमिळमध्ये या रांजणाला ‘मुदुमक्कळ ताळि’ म्हणतात, म्हणजे म्हाताऱ्यांचा रांजण.

पाझिरिकला बर्फाने राखलं. विदर्भातल्या वर्तुळांना तसा राखणदार नाही. मुरूम उकरणारे, प्लॉट पाडणारे आणि बांधाला दगड हवे असलेले सगळ्यांनाच ती जागा मोकळी वाटते. एक दगड हलला की वर्तुळ तुटतं, आणि पुढच्या संशोधकाला त्याची मापं मिळत नाहीत. जुनापाणीला मुलांना घेऊन गेलात तर काही दगडांवर कोरलेले वाटीसारखे छोटे खळगे दाखवा. ते ओळीने आहेत, बोट फिरवलं की लगेच कळतात.