ओबोची रीड : निवड आणि निगा



आपल्या देणगीतून आमच्या वसतिगृहातील वाद्यवर्गाला तीन ओबो मिळाले. तेव्हापासून आपल्यापैकी अनेकांनी प्रेमाने विचारले आहे, “आता मुलांसाठी आणखी काय पाठवू?” माझे उत्तर दर वेळी एकच असते : रीड. बोटाएवढ्या लांबीच्या या वस्तूला मी इतके महत्त्व का देतो, ती कशी निवडावी आणि कशी जपावी, हे आज थोडक्यात सांगतो.

रीड म्हणजे काय?

ओबो हे लाकडी वाद्य सतराव्या शतकात फ्रान्समध्ये, चौदाव्या लुईच्या काळात घडले. आपल्या सनईशी त्याचे जवळचे नाते आहे. दोन्ही वाद्यांच्या तोंडाशी पत्ती असते आणि फुंकरीने ती थरथरली की सूर निघतो. ओबोच्या या पत्तीलाच रीड म्हणतात. ती दोन पात्यांची असते. अरुंडो डोनॅक्स नावाच्या, वेळूसारख्या उंच वाढणाऱ्या गवताच्या पोकळ काठीपासून ती करतात. दक्षिण फ्रान्समधील व्हार भागातली काठी यासाठी नावाजलेली आहे. काठी वाळवून, चिरून, आतून-बाहेरून तासून एका छोट्या धातूच्या नळीवर दोऱ्याने आवळून बांधतात. नळीच्या खालच्या भागाला बुचाचे वेष्टन असते. पात्यांची टोके कागदासारखी पातळ होईपर्यंत तासतात. पूर्ण रीडची लांबी साधारण 7 सेंटिमीटर भरते.

मुलांना हे समजावणे अवघड गेले नाही. आमच्याकडच्या वारली मुलांनी घरी तारपा पाहिलेला असतो. भोपळा कितीही देखणा असला, तरी आतली जीभ बिघडली की तारपा बोलत नाही, हे त्यांना माझ्याआधीपासून ठाऊक आहे. ओबोचेही तसेच आहे.

दोष कोणाचा?

सातवीतील एक मुलगी एका नव्या रीडवर दोन आठवडे झगडत होती. गाल फुगायचे, ओठ दुखायचे, खालचे सूर निघतच नव्हते. शेवटी ती म्हणाली, “सर, माझ्यात दमच नाही.” मी रीड हातात घेऊन पाहिली. ती मुरलेल्या वादकासाठी बनवलेली, कडक रीड होती. दुसरी, मऊ रीड लावताच त्याच दिवशी खालचे सूर निघू लागले.

बंधुभगिनींनो, इथेच खरी काळजी आहे. रीड वाईट असेल तर मूल रीडला दोष देत नाही, स्वतःला देते. आमच्या मुलांनी “तुला जमणार नाही” हे शब्द आधीच पुष्कळदा ऐकलेले असतात. त्यात एका लहानशा काडीने भर घालू नये.

निवड कशी करावी?

रीड साधारणपणे मऊ, मध्यम-मऊ, मध्यम आणि कडक अशा प्रकारांत मिळतात. शिकाऊ मुलांसाठी मध्यम-मऊ रीड बहुधा योग्य ठरते. कडक रीडवर मूल ओठांनी घट्ट चावू लागते आणि ही सवय पुढे सुटता सुटत नाही. फारच मऊ रीडवर सूर उतरतो, आणि जरा जोर लावला की तिचे तोंड मिटून जाते.

नवी रीड हाती आली की मी चार गोष्टी पाहतो. पहिली, उजेडासमोर धरल्यावर डावी-उजवी बाजू सारखी दिसावी आणि टोकाला चीर किंवा टवका नसावा. दुसरी, समोरून पाहता रीडचे तोंड चपट्या डोळ्यासारखे, दोन्ही बाजूंनी सारखे उघडलेले असावे. तिसरी, ओली रीड घेऊन खालचे भोक बोटाने बंद करावे व वरून हलके फुंकावे. कडांमधून बुडबुडे आले तर हवा गळते आहे असे समजावे. चौथी, वाद्याला न लावता नुसती रीड दोऱ्यापर्यंत ओठांत घेऊन फुंकावी. कावळ्यासारखा कर्कश पण मोकळा आवाज सहज यायला हवा. त्यासाठी फार जोर लागत असेल, तर ती रीड मुलाच्या हाती देऊ नये.

निगा कशी राखावी?

चांगली रीडसुद्धा साधारण 10 ते 15 तासच उत्तम वाजते. रोज अर्धा तास सराव करणाऱ्या मुलाला ती तीन-चार आठवडे पुरते. निष्काळजीपणा झाला तर मात्र एका दिवसात संपते. म्हणून आमच्या वर्गात काही नियम ठरले आहेत.

वाजवण्याआधी प्रत्येकाने चूळ भरायची. गोड खाऊन आलेल्या तोंडाने वाजवले तर रीडवर थर बसतो. मग छोट्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात रीड दोन-तीन मिनिटे भिजवायची. त्याहून जास्त भिजली तर तोंड फार उघडते आणि फुंकायला जड जाते. रीड वाद्यात बसवताना ती बुचाच्या भागाला धरायची, टोकाला बोट लावायचे नाही. वाद्य खाली ठेवायचे झाले तर आधी रीड काढून घ्यायची. सराव संपला की नळीच्या बाजूने फुंकून आतले पाणी काढायचे, रीड पुसायची आणि भोके असलेल्या डबीत ठेवायची. विकत घेताना ती ज्या बंद प्लास्टिकच्या नळीत येते, त्या नळीत ती पुन्हा ठेवायची नाही. इकडच्या पावसाळ्यात बंद नळीतल्या ओल्या रीडला पाहता पाहता बुरशी येते. बुरशी दिसली की ती रीड वापरातून काढून टाकायची.

प्रत्येक मुलाकडे तीन रीड असाव्यात आणि त्या आळीपाळीने वापराव्यात, म्हणजे प्रत्येकीला नीट वाळायला वेळ मिळतो. डबीत 1, 2, 3 असे आकडे घातले की चौथीतले मूलही हा क्रम पाळते. एकाची रीड दुसऱ्याने तोंडात घालायची नाही, मग ती सख्ख्या भावाची का असेना. लाळेतून आजार पसरतो आणि वसतिगृहात एक खोकला सगळ्या खोल्यांतून फिरतो.

आपण काय करू शकता?

वाद्य एकदाच घ्यावे लागते, रीड मात्र वर्षभर लागतात. परदेशी बाजारात ओबोच्या एका रीडला साधारण 15 ते 30 डॉलर पडतात. ज्या घरात सणासुदीलाही हिशेब करून तेल आणतात, त्या घरावर हा भार टाकता येत नाही. आपला कोणी नातलग परदेशातून येणार असेल, तर चार-पाच रीड त्याच्या सामानात सहज मावतील. मात्र घेण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात : पाकिटावर ओबो असे लिहिलेले असावे, कारण क्लॅरिनेटची रीड ओबोला बसत नाही, प्रकार मध्यम-मऊ असावा, आणि रीड युरोपीय धाटणीची असावी, कारण आमची मुले तीवरच शिकली आहेत. अमेरिकी धाटणीच्या रीडला वेगळी फुंकर लागते.

आपल्या ओळखीत कोणी ओबो वाजवत असेल, तर त्यांच्या जुन्या, निकामी झालेल्या रीड टाकू देऊ नका. त्यांतली धातूची नळी चांगली असेल, तर तिच्यावर नवी पाती बांधता येतात. वर्गातल्या दोन मोठ्या मुलांना ही बांधणी शिकायची आहे. त्यांना सरावासाठी अशा नळ्या हव्या आहेत.

मुलांची आणि या लहानशा कामाची आपल्या प्रार्थनेत आठवण असू द्यावी.