आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

ऑगस्ट उजाडला की आपल्या या ईशान्य अमेरिकेत मेपलच्या पानांवर डांबराचे थेंब उडाल्यासारखे काळे डाग दिसू लागतात. घरात घबराट होते, फवारणीवाल्याला फोन जातो आणि खिशाला कात्री लागते. मंडळी, आम्हा इंजिनिअर लोकांची एक सवय इथे उपयोगी पडते. हत्यार हातात घेण्याआधी बिघाड कुठे आहे ते बघायचं.

हे डाग ‘टार स्पॉट’ नावाच्या बुरशीचे. तिची लागण वसंतात, कोवळी पानं उलगडताना होते. म्हणजे ऑगस्टमधली फवारणी वायाच! झाड दिसतं वाईट, पण त्याने सहसा मरत नाही. बुरशी गळलेल्या पानांत थंडी काढते, म्हणून पानं गोळा करून टाकणं हाच खरा उपाय. अर्थात शेजाऱ्यानेही ते केलं पाहिजे.

पानाची नुसती जाळी उरली असेल तर तो बहुधा जॅपनीज बीटल. न्यू जर्सीतल्या रिव्हरटनजवळ तो 1916 मध्ये प्रथम सापडला. लहान झाडावरचे भुंगेरे सकाळी साबणाच्या पाण्यात झटकावेत. बाजारातला सापळा लावू नये. तो पकडतो त्याहून जास्त पाहुणे बोलावतो.

खरी काळजी ओकची. 1869 च्या सुमारास मॅसॅच्युसेट्सच्या मेडफर्डमध्ये एका हौशी संशोधकाने आणलेले पतंग निसटले. पूर्वीचा ‘जिप्सी मॉथ’ तो हाच. 2022 पासून ‘स्पंजी मॉथ’. 1981 मध्ये त्याच्या अळ्यांनी अमेरिकेत सुमारे 1 कोटी 29 लाख एकरांवरची झाडं ओरबाडली. निरोगी ओकला त्याच उन्हाळ्यात पुन्हा पालवी फुटते. पण सलग दोन-तीन वर्षं पानं गेली, त्यात दुष्काळ पडला, तर मोठं झाडही जातं.

गंमत म्हणजे 1989 मध्ये न्यू इंग्लंडमध्ये या अळ्यांचा फडशा पाडला तो एका बुरशीनेच! तिला ओला मे-जून लागतो. कोरड्या वर्षी मात्र आपणच हात हलवायला हवेत.

तेव्हा दिवाळीच्या सुमाराला पानं गोळा करताना ओकच्या खोडावरही नजर टाका. फिकट तपकिरी, स्पंजासारखा पुंजका दिसला, तर हातमोजे घालून तो साबणाच्या पाण्यात खरवडून टाका. एकेका पुंजक्यात शेकडो अंडी असतात आणि ती एप्रिलपर्यंत तिथेच असतात. खर्च शून्य, आणि बंब बरोबर रामेश्वरीच पोचतो.