जपानी मेंदूज्वर : ज्याची लस त्यालाच

वरूड परिसरातील एखाद्या बाळाचे लसीकरण कार्ड पाहा. नवव्या महिन्याच्या रकान्यात गोवराच्या लशीबरोबर 'जे.ई.' अशी दोन अक्षरे दिसतील. सोळा ते चोवीस महिन्यांच्या रकान्यात ती पुन्हा येतात. दुसऱ्या जिल्ह्यात राहणाऱ्या आत्याच्या बाळाला मात्र बहुधा ही लस दिलेली नसते. 'मग आमच्याच लेकराला ही जास्तीची सुई कशाला?' असा प्रश्न पालक आरोग्यसेविकेला विचारतात, आणि पुष्कळदा गावातल्या गुरुजींनाही. उत्तर समजून घेण्यासारखे आहे, कारण ही लस गोवराच्या लशीपेक्षा एका बाबतीत अगदी वेगळी आहे.

जे.ई. म्हणजे जपानी मेंदूज्वर. नाव जपानचे असले तरी विषाणू आपल्याकडे नवा नाही. १९५२ साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले; आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था ती हीच. त्याच वर्षी गोळा केलेल्या रक्ताच्या नमुन्यांत, नागपूर जिल्ह्यातील काही लोकांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. आज अमरावतीसह विदर्भातील अनेक जिल्हे या रोगाच्या दृष्टीने जोखमीचे मानले जातात. लस अशाच जिल्ह्यांत दिली जाते.

विषाणू शरीरात शिरलेल्या सुमारे २५० जणांपैकी एखाद्यालाच गंभीर आजार होतो. पण झाला तर तो भयंकर असतो. तीव्र ताप, डोकेदुखी, झटके, बेशुद्धी. अशा रुग्णांपैकी ३० टक्क्यांपर्यंत दगावतात आणि वाचलेल्यांपैकी अनेकांच्या हातापायांत, वाचेत किंवा बुद्धीत कायमचे वैगुण्य राहते. विषाणूला मारणारे औषध नाही.

हा विषाणू राहतो कुठे? बगळ्यांसारखे पाणथळ जागचे पक्षी आणि डुकरे ही त्याची खरी घरे. डुकराच्या रक्तात तो काही दिवस भरपूर वाढतो, पण डुक्कर सहसा आजारी दिसत नाही. क्युलेक्स जातीचा डास त्याचे रक्त पितो आणि पुढे माणसाला चावला की विषाणू माणसात उतरवतो. हे डास धानाच्या बांध्यांत फार वाढतात. वरूडकडे बांध्या नाहीत, संत्र्याचे बगीचे आहेत, हे खरे. पण गवताळ डबकी आणि साचलेले पाणीही त्यांना चालते.

आता महत्त्वाचा मुद्दा. माणसाच्या रक्तात हा विषाणू इतका थोडा असतो की रुग्णाला चावलेल्या डासाला तो पुढे नेता येत नाही. म्हणजे माणूस ही विषाणूची बंद गल्ली आहे. गोवर माणसाकडून माणसाकडे जातो. त्यामुळे वर्गातील बहुतेक मुलांनी लस घेतली की साखळी तुटते आणि न घेतलेले एखादे मूलही बचावते. जे.ई.चे तसे नाही. गावातील शंभर मुलांपैकी नव्व्याण्णवांनी लस घेतली, तरी शंभराव्याचा धोका तसूभरही कमी होत नाही. विषाणू डुकरांत आणि बगळ्यांत फिरतच राहतो. या बाबतीत ही लस धनुर्वाताच्या लशीसारखी आहे. ज्याने घेतली त्यालाच ती वाचवते. म्हणूनच 'आता कुठे रुग्ण दिसतात?' म्हणून लस टाळणे धोक्याचे. रुग्ण दिसत नाहीत याचा अर्थ विषाणू गेला असा नव्हे.

लस करते काय? आपल्याकडे २००६ साली मोहिमेत आली ती चीनमध्ये तयार झालेली लस. तिच्यात विषाणू जिवंत असतो, पण प्रयोगशाळेत पेशींमध्ये पुनःपुन्हा वाढवून दुबळा केलेला. आदल्याच वर्षी गोरखपूर परिसरात हजारावर बळी गेले होते. १९८१ साली कर्नाटकातील कोलार येथे मिळालेल्या विषाणूपासून बनवलेली मृत विषाणूची भारतीय लस २०१३ मध्ये आली. दोन्हींचे काम एकच : रक्तात प्रतिपिंडे आधीच तयार ठेवणे, म्हणजे विषाणू मेंदूपर्यंत पोहोचण्याआधीच अडवला जातो.

लस घेतलेल्या मुलाला मेंदूज्वर झाला, की 'लस फुकट गेली' अशी कुजबुज होते. कोणतीही लस शंभर टक्के खात्री देत नाही, हे खरेच. पण मेंदूज्वर हा काही एकच रोग नव्हे. १९६५ साली नागपूरच्या चांदीपुरा भागातील रुग्णांत सापडलेला चांदीपुरा विषाणूही मुलांच्या मेंदूवर घाला घालतो. तो पसरतो मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणाऱ्या बारीक वाळूमाशीमुळे. त्यावर अजून लस नाही आणि जे.ई.ची लस त्याला रोखत नाही. तेव्हा लस घेतली तरी मच्छरदाणी, भिंतींची लिंपण आणि ताप-झटके येताच तातडीने दवाखाना, हे तिन्ही हवेच.

वर्गात फळ्यावर गोवर, धनुर्वात आणि जे.ई. यांच्या तीन साखळ्या काढा. लशीने कोणती कडी तुटते, हे मुलांना विचारा. मग आपल्या धाकट्या भावंडांच्या कार्डावर जे.ई.चे दोन्ही रकाने भरले आहेत का, हे त्यांना घरी पाहायला सांगा. एखादा कोरा निघाला, तर पालकांना आरोग्य उपकेंद्राची वाट दाखवता येईल.