घोडा राहिला, स्वार गेला

मुंबईत वर्षानुवर्षे नोकरी करणाऱ्या माणसाला काळा घोडा कोठे आहे, असे विचारले तर तो तत्काळ रस्ता सांगेल. त्या घोड्यावर कोण बसला होता, हे मात्र त्याला बहुधा सांगता येणार नाही. सार्वजनिक शिल्पांविषयीचा खरा लोकनिर्णय हाच होय.

युवराज असतानाच्या सातव्या एडवर्डचा तो अश्वारूढ पुतळा आल्बर्ट ससून या धनाढ्य व्यापाऱ्याने शहराला दिला. १८७९ मध्ये त्याचे अनावरण झाले. देणगीदाराने राजनिष्ठा प्रकट केली. लोकांनी मात्र राजपुत्राला वगळून घोड्याचेच नाव त्या परिसराला दिले. १९६५ मध्ये पुतळा भायखळ्याला हलविण्यात आला, तरी नाव टिकले. २०१७ मध्ये तेथे पुन्हा घोडा उभा राहिला, तोही स्वाराविना!

अर्थशास्त्राच्या परिभाषेत शिल्प ही सार्वजनिक वस्तू होय. ते पाहण्यास मोल पडत नाही. परंतु उभारण्यास पडते. साहजिकच ज्याच्या हाती पैसा आणि सत्ता, त्याची स्मृती दगडात कोरली जाते. फ्लोरा फाउंटन १८६४ मध्ये उभे राहिले, तेव्हा अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले होते. त्याच परिसरात २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी निदर्शने करणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढे तेथे हुतात्मा स्मारक झाले आणि मशाल हाती घेतलेले शेतकरी व कामगार रोमन देवतेचे शेजारी बनले. देवतेला कोणी हटविले नाही. नवा इतिहास लिहिण्यासाठी जुना पुसावा लागत नाही, हेच या चौकाने दाखवून दिले.

परंतु त्या मशालधारी कामगाराची गिरणी आज कोठे आहे? १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर टोलेजंग इमारती आणि मॉल आले. कोठे कोठे एखादे धुराडे तेवढे उरले. माझ्या दृष्टीने ते धुराडे कोणत्याही पुतळ्याइतकेच मोलाचे स्मारक आहे.

म्हणून नव्या पुतळ्याची घोषणा होताच त्याच्या उंचीची व खर्चाची चर्चा जरूर व्हावी. पण त्याआधी एक प्रश्न विचारला जावा. ज्यांच्या श्रमांवर हे शहर उभे राहिले, त्यांची खूण आपण कोठे राखली आहे?