विश्लेषण : अंड्यात अडकलेल्या बदकाच्या पिल्लाला मदत करावी का, आणि कधी?

खाकी कॅम्पबेल ही भरपूर अंडी देणारी बदकाची जात. पण तिची मादी सहसा अंड्यांवर बसत नाही. म्हणून तिची अंडी गावाकडे खुडूक कोंबडीखाली ठेवतात, नाहीतर इनक्युबेटरमध्ये. यंत्रात ठेवणाऱ्याची परीक्षा २८व्या दिवसाच्या आसपास सुरू होते. कवचाचा बारीक टवका उडतो, आतून चिवचिव ऐकू येते आणि मग तासन् तास काहीच घडत नाही. हात शिवशिवतात. कवच सोलून पिल्लाला बाहेर काढावे का?

बहुतेक वेळा उत्तर ‘थांबा’ असेच आहे.

टवका उडाल्यावर पिल्लू गप्प का बसते?

अंड्याच्या रुंद टोकाला हवेची पोकळी असते. पिल्लू आधी चोचीने आतला पडदा फाडून या पोकळीत तोंड घालते आणि पहिल्यांदा फुप्फुसाने श्वास घेऊ लागते. तोवर त्याला प्राणवायू मिळत असतो तो कवचाला आतून चिकटलेल्या पडद्यातील रक्तवाहिन्यांतून. कवचाला बाहेरून टवका दिसतो तेव्हा ही अदलाबदल पूर्ण झालेली असेलच असे नाही. पडद्यातले रक्त अंगात परतायचे असते, उरलेला पिवळा बलक बेंबीतून पोटात ओढून घ्यायचा असतो. बाहेरून आळस वाटतो तो हा उद्योग असतो.

कोंबडीचे पिल्लू टवक्यानंतर साधारण दिवसभरात बाहेर येते. बदकाचे एक ते दोन दिवसही घेते. कोंबडीची अंडी उबवण्याची सवय असलेले लोक इथेच फसतात. या टप्प्यावर कवच सोलले तर रक्तवाहिन्या फाटतात किंवा बलक बाहेर राहतो, आणि निरोगी पिल्लू हातात मरते.

मग घड्याळ कसे लावायचे?

पहिला टवका दिसला की वेळ लिहून ठेवा. पुढचे २४ तास यंत्राचे झाकण उघडू नका. झाकण उघडले की दमट हवा निघून जाते, पडदा सुकून चामड्यासारखा होतो आणि पिल्लाच्या अंगाला आवळून बसतो. म्हणजे काळजीपोटी डोकावणाराच पिल्लाला अडकवतो. शेवटच्या तीन दिवसांत अंडी फिरवणे बंद ठेवून आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर न्यायची ती याचसाठी.

पिल्लू तयार झाले की ते आत गोल फिरत कवच कापत जाते आणि टोपी उडवल्यासारखे रुंद टोक ढकलते. हे कापणे सुरू झाले की काम बहुधा एक-दोन तासांत संपते.

मदतीची वेळ येते ती ठरावीक प्रसंगी. टवक्यानंतर २४ तास उलटूनही भेग तसूभर वाढलेली नाही आणि पडदा तपकिरी, कोरडा दिसतो. किंवा कापणे अर्ध्यावर थांबून काही तास झाले. किंवा टवका अरुंद टोकाला आहे, म्हणजे पिल्लू उलटे बसले आहे. टॉर्चच्या उजेडात चोच पोकळीत दिसून दीड दिवस झाला, तरी कवच फुटलेले नाही, ही चौथी परिस्थिती. त्यात रुंद टोकाला हवेपुरते टाचणीएवढे छिद्र पाडायचे आणि पुन्हा थांबायचे.

हात लावायचा तर कसा?

हात स्वच्छ धुवा. टवक्याभोवतीचे कवच नखाएवढे काढा, पांढऱ्या पडद्याला हात लावू नका. कोमट पाण्यात किंवा खोबरेल तेलात बुडवलेल्या कापसाच्या काडीने पडदा ओला करा. नाकपुड्यांत थेंब जाऊ देऊ नका. ओला पडदा पारदर्शक होतो. त्यात लाल रेषा दिसल्या, तर तिथेच थांबून अंडे यंत्रात ठेवा आणि काही तासांनी पुन्हा पाहा. पिल्लू चघळल्यासारखे तोंड हलवत असेल, तर तेही अजून तयार नाही. रक्ताचा थेंब आलाच, तर कापसाने हलके दाबून धरा आणि काम बंद करा.

रेषा नाहीशा झाल्या असतील, तरच पडदा चोचीकडून मागे सारत डोके मोकळे करा. खालचा अर्धा भाग पिल्लालाच सोडू द्या, कारण बेंबी तिकडे असते.

दुबळ्याला निसर्गाने वगळले, तर मध्ये का पडा, असा एक सूर असतो. मोठ्या हॅचरीत कुणी अंडे सोलत बसत नाही, हेही खरे. पण घरगुती यंत्रात पिल्लू अडकते ते अनेकदा वीज गेल्याने, थर्मामीटर चुकल्याने किंवा पाण्याचे भांडे कोरडे पडल्याने. ती उणीव यंत्राची असते. एकाच खेपेत अनेक पिल्ले अडकली, तर पुढची अंडी ठेवण्याआधी तापमान दुसऱ्या थर्मामीटरने तपासा. पंखा असलेल्या यंत्रात ते ३७.५ अंश सेल्सियस हवे.

बाहेर आलेल्या पिल्लाला अंग सुकेपर्यंत यंत्रातच राहू द्या. पोटातल्या बलकावर त्याचा पहिला दिवस निभावतो, खाण्याची घाई नको. पाणी उथळ ताटलीत द्या, पोहायला सोडू नका. आईच्या पिसांचे तेल अंगाला न लागलेले पिल्लू भिजते आणि गारठते.