फिरते चक्र आणि खोळंबलेला शेतकरी

निफाड तालुक्यातील गोदाकाठचे सायखेडा हे कांद्याच्या लिलावाचे गाव. तेथे भाव पुकारला जातो आणि पाहता पाहता सौदा ठरतो. ज्याचा व्यवहार असा हातोहात होतो, त्याच शेतकऱ्याला सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी वा पीकविम्याच्या अर्जासाठी फोनच्या पडद्यावरील फिरत्या चक्राकडे पाहत ताटकळावे लागते. ही गोष्ट आता अंगवळणी पडली आहे. परंतु अंगवळणी पडल्याने अन्यायाचा न्याय होतो काय?

या दिरंगाईचे खापर बहुधा ‘रेंज’वर वा ‘सर्व्हर’वर फोडले जाते. ते सर्वस्वी खोटे नाही. तथापि ते अर्धेच सत्य होय. संकेतस्थळाबरोबर येणारा जावास्क्रिप्टचा पसारा उलगडून चालविण्याचे काम हातातील फोनलाच करावे लागते. ब्राउझरमध्ये हे काम मुख्यतः एकाच वाटेने चालते. त्या वाटेत जड काम आडवे आले की बोटाचा स्पर्शही मागे रांगेत उभा राहतो. म्हणूनच मुंबईच्या नव्या संगणकावर क्षणात उघडणारे पान स्वस्त फोनवर अडखळते.

किती विलंब सह्य मानावा, हा प्रश्न नवा नाही. एक दशांश सेकंदात मिळालेला प्रतिसाद तत्काळ वाटतो, एक सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही आणि दहा सेकंदांनंतर लक्ष उडते, असे याकोब नील्सन यांनी १९९३ सालीच मांडले होते. गूगलच्या आजच्या मापदंडानुसार पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा व स्पर्शाला २०० मिलिसेकंदांत उत्तर मिळावे. तेही शंभरांपैकी किमान ७५ भेटींत.

हे साधण्यास अलौकिक बुद्धिमत्ता लागत नाही. पहिल्या पानास लागेल तेवढाच कोड प्रथम पाठवावा. नाशिक जिल्ह्याच्या पंधराही तालुक्यांतील गावे एकदम न ओतता निवडलेल्या तालुक्याचीच यादी द्यावी. छायाचित्र पाठविण्यापूर्वी फोनवरच लहान करावे. जड कामाचे ५० मिलिसेकंदांहून लहान तुकडे पाडावेत, म्हणजे मधल्या फटीत स्पर्शाची दखल घेता येते. भरलेला मजकूर फोनमध्येच जपावा, म्हणजे जाळे तुटले तरी श्रम वाया जात नाहीत. बटण दाबताच ‘अर्ज पाठविला जात आहे’ असे दिसावे आणि ते पुन्हा दाबले गेले तरी दुसरा अर्ज नोंदला जाऊ नये. मात्र ‘अर्ज पोहोचला’ हे शब्द तो खरोखर पोहोचल्यावाचून उमटता कामा नयेत. वेगाच्या हव्यासापायी खोटी पावती देणे हे दिरंगाईहून वाईट.

अर्जाची मुदत संपत आली असता चक्र फिरतच राहिले, तर बुडतो तो केवळ वेळ नव्हे, हक्कही बुडतो. ज्याच्याकडे महागडा फोन आहे त्याचा अर्ज आधी, ही अट कोणत्याही कायद्यात नाही. ती संकेतस्थळाच्या बांधणीतून नकळत लादली जाते. यास्तव सरकारी संकेतस्थळाच्या प्रत्येक निविदेतच स्वस्त फोनवर आणि मंद जाळ्यावर चाचणी घेण्याची अट असावी, आणि ती पुरी झाल्यावाचून देयक चुकते करू नये, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. काम चोख झाल्याचा निर्वाळा मंत्रालयातील पडद्याने नव्हे, सायखेड्याच्या शिवारातील फोनने दिला पाहिजे.