दूरचा संघ आपला का वाटतो?

(फुटबॉल हा खेळ जगातील जवळजवळ प्रत्येक देशात खेळला जातो. तरी मोजक्याच देशांच्या स्पर्धा जगभर पाहिल्या जातात. असे का होते, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, एखाद्या संध्याकाळी पनवेलच्या मैदानावर जाऊन पाहा. मुले फुटबॉल खेळत असतात. कोणाच्या अंगात मँचेस्टर युनायटेडचा लाल शर्ट असतो, तर कोणाच्या अंगात बार्सिलोनाचा निळा-तांबडा. त्यांना विचारा, "मँचेस्टर कोणत्या देशात आहे?" लगेच उत्तर मिळेल. आता विचारा, "2006 साली भारताची राष्ट्रीय फुटबॉल लीग मुंबईच्या कोणत्या संघाने जिंकली?" बहुतेक मुले एकमेकांकडे पाहतील.

त्या संघाचे नाव होते महिंद्र युनायटेड. 1962 साली सुरू झालेला हा संघ 2010 साली बंद झाला. पनवेलहून मुंबईला लोकलने जाता येते. मँचेस्टर मात्र हजारो किलोमीटर दूर आहे. मग दूरचा संघ ओळखीचा आणि जवळचा संघ अनोळखी कसा झाला?

आधी लीग म्हणजे काय ते समजून घेऊ. लीगला मराठीत साखळी स्पर्धा म्हणतात. चषकाच्या स्पर्धेत बहुतेक वेळा जो संघ हरतो तो घरी जातो. साखळीत तसे नसते. प्रत्येक संघ इतर प्रत्येक संघाशी दोनदा खेळतो, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्याच्या मैदानावर. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये 20 संघ आहेत. म्हणून प्रत्येक संघाचे 38 सामने होतात आणि एकूण 380 सामने होतात. स्पर्धा नऊ-दहा महिने चालते. दर आठवड्याला सामना असला की पाहणाऱ्याला त्याची सवय लागते. सवयीतून आवड निर्माण होते.

तुम्ही म्हणाल, जो देश चांगला खेळतो त्याचीच लीग लोक पाहणार. तसे असते तर सर्वांनी ब्राझीलची लीग पाहिली असती. ब्राझीलने विश्वचषक पाच वेळा जिंकला आहे. इंग्लंडच्या पुरुष संघाने तो 1966 साली एकदाच जिंकला. पण ब्राझीलचे उत्तम खेळाडू तरुणपणीच युरोपात जातात, कारण तेथे पैसा अधिक मिळतो. शिवाय ब्राझीलमध्ये दुपारी चार वाजता सामना सुरू झाला, तर आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. सकाळी शाळा असणारा मुलगा तो सामना कसा पाहणार? इंग्लंडमध्ये दुपारी साडेबाराला सुरू होणारा सामना मात्र आपल्याला संध्याकाळी पाच किंवा सहा वाजता दिसतो. घड्याळसुद्धा लीगला मदत करते!

पण घड्याळ हे एकच कारण नाही. इंग्लंडमध्ये साखळी स्पर्धा 1888 सालापासून आहे. आजोबा ज्या संघाचे, त्याच संघाचा नातू. त्यामुळे मैदाने भरलेली असतात आणि भरलेल्या मैदानावरचा सामना टीव्हीवरही रंगतदार वाटतो. तरीही पूर्वी तेथील मैदाने जुनी आणि धोक्याची होती. 1989 साली हिल्सबरो येथील मैदानात चेंगराचेंगरी होऊन 97 प्रेक्षकांचा बळी गेला. या दुर्घटनेनंतर मोठ्या मैदानांवर प्रत्येक प्रेक्षकाला बसायला जागा असलीच पाहिजे, असे ठरले. मैदाने नवी झाली आणि कुटुंबे सामने पाहायला येऊ लागली.

1992 साली वरच्या श्रेणीतील 22 संघांनी प्रीमियर लीग सुरू केली. सामने दाखवण्याचे हक्क सर्व संघांनी मिळून टीव्हीला विकले. देशातून मिळणाऱ्या या पैशाचा अर्धा भाग सर्व संघांत सारखा वाटला जाऊ लागला. स्पेनमध्ये मात्र पुढे बरीच वर्षे प्रत्येक संघ आपले हक्क वेगळे विकत असे. साहजिकच रेआल माद्रिद आणि बार्सिलोना यांना खूप पैसा मिळे आणि लहान संघ मागे पडत. 2015 साली तेथेही हक्क एकत्र विकण्याचा नियम झाला.

पैसा वाटून घेतल्याने काय होते? लहान संघालाही चांगले खेळाडू घेता येतात. मग कोण जिंकेल हे आधी सांगता येत नाही. लेस्टर सिटी या संघाचे उदाहरण पाहा. 2015 साली तो खालच्या श्रेणीत जाता जाता वाचला होता. पुढच्याच वर्षी, 2016 साली, त्याने प्रीमियर लीग जिंकली! त्या संघात अल्जीरियाचा रियाद महरेज होता, जपानचा शिंजी ओकाझाकी होता. प्रशिक्षक इटलीचे होते आणि मालक थायलंडचे. विजय इंग्लंडमधल्या एका शहराचा होता, पण तो आपलाही आहे असे किती देशांना वाटले असेल!

1992 साली प्रीमियर लीगच्या पहिल्या फेरीत मैदानात उतरलेले ब्रिटन आणि आयर्लंडबाहेरचे खेळाडू अवघे 13 होते. आज या लीगमधील निम्म्याहून अधिक खेळाडू परदेशी आहेत. प्रत्येक खेळाडूबरोबर त्याच्या देशाचे प्रेक्षकही येतात. इजिप्तचा मोहम्मद सलाह 2017 साली लिव्हरपूलमध्ये गेला, तेव्हा त्याचे असंख्य चाहतेही लिव्हरपूलचे झाले.

मात्र ही लोकप्रियता कायमची नसते. 1980 च्या दशकात जगातील सर्वांत मोठी लीग इटलीची मानली जाई. अर्जेंटिनाचा मॅराडोना, फ्रान्सचा प्लातिनी असे खेळाडू तेथे खेळत. पुढे तेथील मैदाने जुनी होत गेली. 2006 साली काही संघांचे अधिकारी आपल्या सोयीचे पंच मिळवण्यासाठी प्रयत्न करत होते, असे उघडकीस आले. युव्हेंटससारख्या नामवंत संघाला खालच्या श्रेणीत पाठवण्यात आले. पंचांवर विश्वास नसेल तर सामना पाहण्यात काय गोडी?

आता आपल्याकडे वळू. आपल्या देशात राष्ट्रीय फुटबॉल लीग 1996 साली सुरू झाली. 2007 साली तिच्या जागी आय-लीग आली. 2014 साली इंडियन सुपर लीग नावाची वेगळी स्पर्धा सुरू झाली. 2016 साली धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे तीन संघ आय-लीगमधून बाहेर पडले. त्यांपैकी धेंपोने तर राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळवले होते. झाड पुन्हा पुन्हा उपटून दुसरीकडे लावले, तर त्याची मुळे खोल कशी जाणार? लीगचेही तसेच आहे.

म्हणजे आपल्याकडे फुटबॉलचे प्रेम नाही असे मात्र समजू नका. कोल्हापूरला जा. तेथे पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम यांचा सामना असला, की शाहू स्टेडियम गर्दीने भरून जाते. हा सामना जग पाहत नाही, पण पेठेतली माणसे त्यावर जीव टाकतात. याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्या स्पर्धेचे काही सामने आपल्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये झाले. पनवेलपासून नेरूळ हे लोकलचे सहावे स्थानक. 2022 साली सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही तेथेच झाला आणि स्पेनने कोलंबियाला 1-0 असे हरवले.

मुलांनो, दूरचा संघ आवडण्यात काहीच चूक नाही. चांगला खेळ कोठलाही असो, तो पाहावा. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. मँचेस्टरचा संघही एके काळी केवळ आपल्या गावाचा होता. गावातले लोक पावसात भिजत मैदानावर आले, म्हणून तो टिकला. आणि टिकला, म्हणून जगाला दिसला. महिंद्र युनायटेड बंद झाला, त्याला टीव्हीवर पाहणारे जग आले नाही. आपल्या जवळच्या मैदानावर सामना असेल, तेव्हा तिथे जाऊन टाळ्या वाजवणे हे आपल्याच हातात आहे.

शब्दार्थ
साखळी स्पर्धा – ज्या स्पर्धेत प्रत्येक संघ इतर सर्व संघांशी खेळतो ती स्पर्धा
चषक – विजेत्याला मिळणारा कप
हक्क – अधिकार
जीव टाकणे – मनापासून प्रेम करणे

स्वाध्याय
1. चषकाची स्पर्धा आणि साखळी स्पर्धा यांत कोणता फरक आहे?
2. ब्राझीलची लीग आपल्याकडे फारशी का पाहिली जात नाही? दोन कारणे लिहा.
3. 'घड्याळसुद्धा लीगला मदत करते' असे लेखकाने का म्हटले आहे?
4. तुमच्या गावातील एखाद्या फुटबॉल संघाची माहिती मिळवून पाच वाक्ये लिहा.